शामरावनगरच्या पार्किंगमधलं चार्जिंग: एका जुन्या अपार्टमेंटचं प्रकरण

सांगलीत शंभर फुटी रोडवरनं शामरावनगरकडं वळलं की तीन-चार मजली अपार्टमेंटची रांग लागते, त्यातल्याच एकाचं हे प्रकरण आहे. नाव देत नाही, कारण ज्यांची भांडणं झाली ती माणसं अजून एकाच लिफ्टनं वर-खाली करतात. चोवीस फ्लॅट, खाली पिलरवरचं पार्किंग, एक लिफ्ट, दोन पाण्याच्या मोटरी, बांधकाम २००९ च्या आसपासचं, म्हणजे पार्किंगमधे गाडी चार्ज करायची असते हे बिल्डरच्या नाही आणि घेणाऱ्याच्याही नाही डोक्यात तेव्हाचं. मी इथंच राहतो, कमिटीवर आहे आणि वायरिंगची कामं घेतो, त्यामुळं हे सगळं आतनं बघितलंय. काम मात्र मी घेतलं नाही, दुसऱ्या लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरला दिलं, कमिटीवर बसून आपल्याच बिल्डिंगचं बिल काढणं बरोबर दिसत नाही.

सुरुवात दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडमपासनं झाली. मिरजेच्या शाळेत शिकवतात, जाऊन-येऊन आणि वाटेतली बाजारहाट धरून दिवसाला पंचवीस-एक किलोमीटर. पेट्रोल शंभरीच्या वर गेल्यावर त्यांनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. शोरूममधे सांगितलं की घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगला लावा, काही वेगळं लागत नाही. ते खरंच आहे, फक्त घर दुसऱ्या मजल्यावर, स्कूटर खाली आणि बॅटरी स्कूटरमधे फिक्स. मग किचनच्या गॅलरीतनं एक्स्टेंशन वायर खाली सोडली. महिन्याभरात पहिल्या मजल्यावरच्या पोरानं तसंच केलं, आणि तिसऱ्या एकानं लिफ्टशेजारचा जो प्लग आहे, जो ड्रिल-बिल लावायला ठेवलेला, त्यालाच स्कूटर लावायला सुरू केली. तो प्लग कॉमन मीटरवर. उन्हाळ्यात कॉमनचं लाईटबिल वाढून आलं आणि भांडण पेटलं.

बिल्डिंगचे चेअरमन म्हणजे आमचे अण्णा, एसटीतनं रिटायर झालेले, शिस्तीचा माणूस. त्यांनी बोर्डवर नोटीस लावली की पार्किंगमधे कोणतीही गाडी चार्ज करायची नाही. मॅडम त्यांच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, मग मी गाडी चौथ्या मजल्यावरच्या टेरेसवर नेऊ काय वो?" अण्णांची तीन कारणं होती: आग, पूर आणि बिल. बऱ्याच लोकांना वाटलं म्हातारा अडून बसलाय. मला तसं वाटलं नाही. तिन्ही कारणं खरी होती आणि तिन्हीची उत्तरं शोधल्याशिवाय कुणाला प्लग देणं बरोबर झालं नसतं.

पहिल्यांदा बिलाचं बघितलं कारण ते सगळ्यात सोपं. लिफ्टशेजारच्या त्या प्लगला एक सबमीटर, म्हणजे तेवढ्याच प्लगची वीज मोजणारा छोटा मीटर, लावून महिनाभर सोडून दिला. स्कूटरला किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस वॅट-अवर लागतात, हजार वॅट-अवर म्हणजे एक युनिट, चार्जरमधला लॉस धरला तरी पंचवीस किलोमीटरच्या रनिंगला एक युनिटही पुरं होत नाही. महिन्याचं आलं पंचवीस युनिटच्या आसपास. दहा रुपये युनिट धरा, अडीचशे रुपये. कॉमन बिल वाढलेलं ते उन्हाळ्यात पाणी कमी दाबानं येतं म्हणून मोटरी जास्त वेळ चालतात त्याचं होतं, आधीच्या वर्षीचं बिल काढून दाखवल्यावर सगळ्यांना पटलं. पण अण्णा म्हणाले, "अडीचशे असू दे नाहीतर अडीच, दुसऱ्याच्या पैशानं कुणी गाडी चालवायची नाही," आणि या वाक्यावर मीटिंगमधे कुणीच वाद घातला नाही.

आगीचं प्रकरण जरा खोल आहे. २०२२ च्या मार्च-एप्रिलमधे देशभर स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या त्या सगळ्यांच्या लक्षात आहेत. त्यानंतर बॅटरीच्या सेफ्टीचं एआयएस १५६ हे स्टँडर्ड कडक केलं, पहिला टप्पा डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा मार्च २०२३ अखेर, त्यामुळं त्यानंतरच्या गाड्या जास्त कसोटीतनं गेलेल्या आहेत. पण आमच्या बिल्डिंगमधला खरा धोका बॅटरीत नव्हता, गॅलरीतनं लोंबणाऱ्या वायरमधे होता. पहिल्या मजल्यावरच्या पोराची एक्स्टेंशन मी हातात घेऊन बघितली. बाजारातली स्वस्तातली रील, आत एक स्क्वेअर एमएमच्या खालची वायर, अर्धी वायर तशीच रीलवर गुंडाळलेली. प्लगची एक पिन तपकिरी झालेली आणि सॉकेटच्या भोकाभोवतीचं प्लॅस्टिक मऊ पडून आत ओढलेलं. मिक्सर दोन मिनिटं चालतो आणि बंद होतो म्हणून असली वायर टिकते, स्कूटरचा चार्जर तीन-चार अँपिअर सलग चार-पाच तास ओढतो, तेही रात्री सगळे झोपलेले असताना. ती पिन मी मीटिंगमधे सगळ्यांच्या हातात फिरवली. बोलून जे झालं नसतं ते तिनं झालं, बंदी घालून लोक गुपचूप वायरी सोडणार त्यापेक्षा नीट पॉईंट काढून देणं जास्त सेफ आहे हे अण्णांनीच आधी मान्य केलं.

मग अण्णांनी विचारलं, सरकारचा नियम काय आहे तो दाखवा. तिथं आम्ही धोरणं काढून वाचायला बसलो आणि खरं सांगायचं तर वाचताना वाईट वाटलं. महाराष्ट्राचं आधीचं ईव्ही म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांचं धोरण जुलै २०२१ मधलं, मार्च २०२५ पर्यंतचं. त्यात सार्वजनिक चार्जिंग स्टेशनचं शहरवार टार्गेट दिलेलं: मुंबई १५००, पुणे ५००, नागपूर १५०, नाशिक १००, औरंगाबाद ७५, अमरावती ३० आणि सोलापूर २०. सांगली नाही, सातारा नाही, कोल्हापूर पण नाही. हायवेचं बघावं तर मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, मुंबई-नागपूर, पुणे-नाशिक. पुण्याच्या खाली खंबाटकी उतरून सातारा, कराड, पेठ नाका असं जे आम्ही आयुष्यभर जातो-येतो तो रस्ता यादीत नव्हता. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच पाच लाखाच्या वर आहे, म्हणजे आपण काही खेडं नाही. मोठ्या शहरांपासनं सुरू करायचं हे समजू शकतं, पण दुचाकीवर चालणारी शहरं आपली आहेत, इथल्या माणसाचं रोजचं रनिंग वीस-तीस किलोमीटर, इलेक्ट्रिक दुचाकी सगळ्यात आधी जिथं परवडते तीच ही गावं.

आता २०२५ चं नवीन धोरण आलंय, एप्रिल २०२५ मधे मंत्रिमंडळानं मंजूर केलं, मार्च २०३० पर्यंतचं, १,९९३ कोटींची तरतूद, आणि हायवेवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय असं त्यात म्हटलंय. ते आमच्या भागाला निश्चित उपयोगाचं आहे. पण इमारतींचं बघितलं तर दोन्ही धोरणांचा जोर नव्या बांधकामावर. २०२१ च्यात नव्या निवासी इमारतीतलं किमान २० टक्के पार्किंग ईव्ही-रेडी, म्हणजे चार्जिंगची तयारी ठेवलेलं पाहिजे असं होतं, नव्यात ते आणखी वाढवलंय. चांगलंच आहे. पण सांगलीतली बहुतेक माणसं जुन्या बिल्डिंगीत राहतात, आणि स्कूटर घेणारा शिक्षक, क्लार्क, पतसंस्थेतला माणूस तिथंच राहतो. जुन्या इमारतीसाठी एक ओळ मात्र २०२१ च्या धोरणात होती: आवारात खासगी चार्जिंग बसवणाऱ्यांना मालमत्ता करात सूट द्यायला स्थानिक स्वराज्य संस्थांना प्रोत्साहन द्यावं. ही ओळ मी तीनदा अधोरेखित करून ठेवलीय, खाली परत येतो तिच्याकडं.

केंद्राच्या कागदांत आमच्या कामाचं जास्त सापडलं. एप्रिल २०१८ मधे ऊर्जा मंत्रालयानं स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नाही, ती सेवा आहे, त्याला लायसन लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मधे वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले, त्यात मागणी केली तर ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन द्यायचं असं आलं, आणि नवीन कनेक्शनची मुदत महानगरात तीन दिवस, इतर महापालिका-नगरपालिका हद्दीत सात दिवस आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस केली. आणि सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत असं म्हटलंय की चार्जिंग स्टेशनला सकाळी नऊ ते दुपारी चार या सौर तासांत सरासरी पुरवठा खर्चाच्या, म्हणजे वीज कंपनीला एक युनिट पुरवायला सरासरी जो खर्च येतो त्याच्या, ०.७ पट आणि बाकीच्या वेळी १.३ पट असा दर असावा. हे वाचून मॅडमना सगळ्यात आनंद झाला कारण त्यांची शाळा सकाळची, साडेबारा-एकला त्या घरी, दुपारी गाडी मोकळीच उभी असते.

आमच्यापुढं तीन रस्ते होते. एक म्हणजे ज्याच्या त्याच्या घरच्या मीटरवरनं, मीटररूममधनं सरळ त्याच्या पार्किंगपर्यंत वायर ओढायची. हिशोबाला हे सगळ्यात स्वच्छ, कुणाचं कुणाला देणं नाही. पण महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो, शंभर युनिटपर्यंत एक, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, मग त्याच्या वर. ज्याचं घरचं बिल शंभरच्या आत आहे त्याला स्कूटरचे पंचवीस युनिट सहज परवडतात, पण ज्याच्या घरी एसी आहे तो आधीच वरच्या टप्प्यात बसलेला, त्याचं प्रत्येक चार्जिंग महागातल्या दरानं. आणि चोवीस जणांच्या चोवीस वायरी पार्किंगच्या छताला लोंबायला लागल्या तर पुढं कुठली कुणाची हेच कळणार नाही. दुसरा रस्ता कॉमन मीटरवर सबमीटर लावायचे. स्वस्त आणि लगेच होणारं, पण तिथं कमिटीतल्या माणसानं दर महिन्याला रीडिंग घ्यायचं, पैसे गोळा करायचे, आणि युनिटचा दर काय धरायचा यावर दर महिन्याला वाद. शिवाय लिफ्ट आणि मोटरीचा लोड त्याच मीटरवर. तिसरा रस्ता अपार्टमेंटच्या नावानं चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगानं २०१८ मधेच चार्जिंगसाठी वेगळा दरवर्ग केलाय, त्यात घरगुतीसारखे टप्पे नाहीत, त्यामुळं मॅडमचं युनिट आणि शेवटच्या माणसाचं युनिट त्या-त्या वेळी एकाच भावानं पडतं, आणि सबमीटर तिथं लावले की वाद उरत नाही.

लोडचा हिशोब लोकांना वाटतो तेवढा मोठा नसतो हे इथं मुद्दाम लिहितो. स्कूटरचा चार्जर पाऊण ते एक किलोवॅटचा. आठ स्कूटर एकदम लावल्या तरी आठ किलोवॅटच्या आत. कार पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावली तर तीन-सव्वातीन किलोवॅट, वॉलबॉक्स म्हणजे भिंतीवर बसवायचा कारचा मोठा चार्जर लावला तर सात. म्हणजे एका वॉलबॉक्सच्या लोडमधे सात-आठ स्कूटरी भागतात. चौथ्या मजल्यावरच्यांनी त्याच वेळी इलेक्ट्रिक कार घेतली, महिन्याला हजारभर किलोमीटर रनिंग, म्हणजे दीडशे-एक युनिट. सगळ्यांच्या कनेक्शनवर एकट्याचा वॉलबॉक्स नको असं ठरलं आणि त्यांनी स्वतःच्या मीटरवरनं जाड केबल ओढून घेतली. दुचाक्यांना वेगळं कनेक्शन, कारला स्वतःचं, असा निकाल लागला. सर्वसाधारण सभेत ठराव लिहून सह्या घेतल्या, मेन केबल, बोर्ड आणि अर्थिंग बिल्डिंगच्या फंडातनं कारण ते कायमचं राहणार, सॉकेट आणि सबमीटर ज्याचा त्यानं. भाड्यानं राहणाऱ्यालाही सॉकेट घेता येईल, घरमालकाची परवानगी कमिटी घेईल, हे कलम मी आग्रहानं घालून घेतलं, कारण असल्या ठरावांत भाडेकरू नेहमी बाहेर राहतो.

अर्थिंगवर थोडं जास्त लिहिणं गरजेचं आहे. कारचा वॉलबॉक्स बसवायला आलेल्या माणसानं आधी अर्थिंग मोजलं आणि काम न करता परत गेला. कारण बिल्डिंगचं अर्थिंग मेलेलं होतं, खड्डा होता, पट्टी होती, पण पट्टी गंजून तुटलेली आणि वर फरशी बसवलेली. चोवीस घरातले फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन इतकी वर्षं तसेच चालले. कारच्या चार्जरला नीट अर्थ नसला की लाल लाईट लागते आणि तो चार्जच करत नाही, म्हणून निदान कळलं. नवे दोन खड्डे काढले. तुमच्या बिल्डिंगमधे ईव्ही नसली तरी हे एकदा तपासून घ्या.

आणि आता पूर. शामरावनगरात राहायचं म्हणजे हा विषय टाळता येत नाही. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या इर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, जिथं ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. आमच्या पार्किंगच्या पिलरवर त्या पाण्याची रेघ अजून आहे, पाच फुटांच्या जरा वर. २०२१ च्या जुलैमधे परत पाणी आत आलं. २०१९ नंतर मीटर वर उचलून घेतले होते, पण चार्जिंगचे सॉकेट कुठं लावायचे? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम म्हणतो सॉकेट जमिनीपासनं किमान ८०० मिलिमीटर वर पाहिजे, म्हणजे अडीच फुटाच्या जरा वर. गाडीचा पॉईंट चार्जिंग पॉईंटपासनं पाच मीटरच्या आत पाहिजे, मधे एक्स्टेंशन वापरायची नाही, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, पाहिजे. हे सगळं बरोबर आहे, पण ८०० मिलिमीटर हा देशासाठीचा आकडा आहे, आमच्या पिलरवरची रेघ त्याच्या दुप्पट उंचीला. सॉकेट सहा फुटांवर लावावे तर स्कूटरच्या चार्जरची वायर पुरत नाही आणि चार्जरची विटेएवढी पेटी हवेत लोंबते, तिच्या वजनानं पिन सैल होते, म्हणजे परत तीच जळलेली पिन.

शेवटी असं केलं. मेन बोर्ड, एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), आरसीसीबी आणि सबमीटर सगळं साडेसात फुटांवर, पुराच्या रेघेच्या दोन फूट वर. सॉकेट चार फुटांवर, झाकणाचे, शेजारी चार्जर ठेवायला छोटी फळी. सॉकेट बुडाले तर बुडाले, ते बदलता येतात, पण प्रत्येक सॉकेटचा सर्किट वेगळा आणि वरनं तोडता येणारा. वायर छताकडनं खाली आणली, जमिनीतनं नाही, पाणी ओसरल्यावर पाईपमधे चिखल अडकून राहत नाही. आणि ठरावात एक ओळ: इर्विनला पाणी ४० फुटाला लागलं की चार्जिंगची मेन बंद आणि गाड्या विश्रामबागच्या बाजूला उंचावर न्यायच्या. बॅटरीला आयपी ६७ हा पाणी-धूळ आत न जाण्याचा दर्जा आहे म्हणून काही होत नाही असं शोरूमवाले सांगतात, पण आयपी ६७ ची कसोटी एक मीटर पाण्यात अर्धा तास एवढीच असते, आमच्याकडं पाणी आठवडा-आठवडा उभं असतं. बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर कुणी चार्जिंगला लावायची नाही, आधी सर्व्हिस सेंटरला तपासून आणायची, हेही लिहून ठेवलंय. अण्णांनी ही सगळी कलमं स्वतःच्या अक्षरात रजिस्टरमधे उतरवली.

मालमत्ता कराच्या त्या ओळीकडं परत येतो. आपल्या महापालिकेनं काही करायचं असेल तर माझ्या मते चौकात चार फास्ट चार्जर उभे करण्याआधी जुन्या अपार्टमेंटकडं बघावं. जी बिल्डिंग वेगळं कनेक्शन, नवं अर्थिंग आणि आरसीसीबी लावून चार्जिंग पॉईंट काढेल तिला घरपट्टीत एक वर्षासाठी थोडी सूट द्या, अट अशी की लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट पाहिजे. लोक शंभर रुपयाच्या सुटीसाठी सुद्धा एप्रिल-मेमधे रांगा लावून घरपट्टी भरतात, हे तर कामाचं आहे. दुसरं म्हणजे पूररेषेतल्या वॉर्डांसाठी बोर्ड किती उंचीवर पाहिजे हे गल्लीनिहाय सांगा. कुठल्या गल्लीत २०१९ ला किती पाणी होतं हे तिथल्या प्रत्येक भिंतीला माहीत आहे, ते फक्त एका तक्त्यात आणायचं आहे. दिल्लीचा आकडा ८०० मिलिमीटर, आमच्या गल्लीचा दोन मीटरच्या वर, हे फक्त सांगली महापालिकाच सांगू शकते, मुंबईतनं कुणी सांगणार नाही. तिसरं, ठरावाचा आणि अर्जाचा एक नमुना मराठीत तयार करून प्रभाग कार्यालयात ठेवा. आम्ही जे नियम रात्री-रात्री बसून शोधले ते शहरातल्या प्रत्येक बिल्डिंगनं परत शोधायचं काही कारण नाही. याला पैसा फारसा लागत नाही.

एक विषय अजून सुटलेला नाही. आमच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथले दोघं पार्सल पोहोचवायची कामं इलेक्ट्रिक स्कूटरवर करतात. त्यांचं रनिंग आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त, पेट्रोलची खरी बचत त्यांचीच होते, आणि त्यांच्याकडं पार्किंगही नाही आणि पंधरा अँपिअरचा पॉईंटही नाही. २०१८ च्या स्पष्टीकरणाप्रमाणं आम्ही त्यांना पैसे घेऊन चार्ज करून देऊ शकतो, लायसन लागत नाही. मी कंपाऊंडच्या भिंतीला बाहेरच्या बाजूनं दोन सॉकेट, वर पत्रा, वेगळे सबमीटर, वेळ सकाळी नऊ ते चार, म्हणजे दर पण कमी आणि सगळे जागे असताना, असा प्रस्ताव लिहून दिलाय. निम्म्या लोकांना बाहेरचं कोण येणार याची काळजी वाटते, मॅडम आणि चौथ्या मजल्यावरचे बाजूनं आहेत, अण्णांनी अजून मत दिलेलं नाही, त्यांनी फक्त विचारलंय की बाहेरच्या भिंतीवरचं मेन स्विच पुराच्या वेळी कोण बंद करणार. ते नाव घातलं की प्रस्ताव पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेऊ म्हणालेत. मी माझं नाव घातलंय.